मलिहाबादचं पांढरं छप्पर

१

मोहनला रामदास सापडला तेव्हा त्याचा श्वास अजून चालू होता. आंब्याच्या शेडमागे, भिंतीलगतच्या गवतात तो उताणा पडला होता. डोक्याखालची माती भिजली होती आणि अंगावर सेफ्टी बेल्ट आवळलेला होता. मोहनने हाका मारल्या, रस्त्यावरून जाणारा मालाचा टेम्पो थांबवला, त्याच्या हौद्यात त्याला घातलं. पण लखनौ यायच्या आधीच रामदास गेला.

रविवार होता. शेडला सुट्टी, आत चिटपाखरू नव्हतं. वर छपरावर फक्त रामदास आणि मोहन होते, दोघंही रंगाच्या कामावर. उन्हाचा ताव कमी व्हावा म्हणून पत्र्यांवर पांढऱ्या रंगाचा दुसरा हात मारायचा होता. रंग संपला म्हणून मोहन मलिहाबादच्या बाजारात डबे आणायला गेला आणि परत येतो तर हे असं.

प्रणिता मेश्रामला ही बातमी त्याच संध्याकाळी विकास नगरातल्या तिच्या घरी कळली. ती अवध फलसंग्रह निगमात सुरक्षा अधिकारी होती. मूळची चंद्रपूरची, वडिलांच्या बदलीबरोबर शाळकरी वयात लखनौला आली आणि इथलीच होऊन गेली. बातमी घेऊन आला तो सत्यजित गजभिये. निगमाचा इंजिनिअर, मलिहाबादच्या दोन्ही शेड त्याच्याच ताब्यात. भंडाऱ्याहून नोकरीला आला तेव्हा पहिले काही महिने तो याच घरी जेवला होता.

"ताई, माणूस गेला आपल्या शेडवरून," दारातून आत येताच तो खुर्चीत बसला. "बेल्ट होता हो अंगावर. हुक अडकवलाच नाही त्याने."

"तू तिथे होतास?"

"नाही, घरीच होतो. फोन आल्यावर धावलो."

प्रणिताला वाईट वाटलं. सकाळी विहारात वंदनेला स्नेहल, त्याची बायको, एकटीच आली होती. हे पहाटेच कामाला निघून गेले, रविवारचीसुद्धा उसंत नाही, असं हसत म्हणाली होती. आणि संध्याकाळी हे असं व्हावं. तिने त्याच्यापुढे वरणभात वाढला. तो कालवत राहिला, जेवला नाही. मधूनच शर्टाच्या बाह्यांवरून हात खाजवत होता.

"मामा, मच्छर काटा क्या?" प्रणिताच्या मुलीने, कौमुदीने विचारलं. मराठी सगळी कळायची तिला, पण उत्तर हिंदीतूनच.

"नाही गं, घामोळ्या."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"पोलिसांनी मोहनला धरलंय," तो म्हणाला. "म्हणतात, त्यानेच रामदासला ढकललं."

२

चौकशी प्रणिताकडेच आली. सोमवारी ती पोलीस चौकीत पोचली तेव्हा मोहन बाकावर गुडघे जवळ घेऊन बसला होता. काल सकाळी त्याचं आणि रामदासचं कडाक्याचं भांडण झालेलं ठेकेदाराच्या माणसांनी ऐकलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"झगडा किस बात का था?" प्रणिताने विचारलं.

"रस्सी का, मैडम. हमने कहा, ऊपर रस्सी नहीं बँधी, चलने का पटरा नहीं रखा, हम नहीं चढ़ेंगे. रामदास भैया बोले, हम नहीं चढ़ेंगे तो ठेकेदार दूसरा आदमी ले आएगा. फिर चढ़ गए. उनके पीछे हम भी चढ़ गए."

"आणि बेल्ट?"

तिने मराठीत विचारलं हे तिच्याही लक्षात आलं नाही. त्याला शब्द तेवढा कळला.

"बेल्ट था ही नहीं. न हमारे पास, न उनके पास. यही तो हम कल से चिल्ला रहे हैं."

दरोगा, चौकीचा फौजदार, शेजारीच उभा होता. तो हसला. "बेल्ट लाश पर था, मैडम. इसका एक झूठ पकड़ा गया तो दूसरा भी पकड़ा जाएगा." आणि त्याने कपड्यांचं बोचकं टेबलावर सोडलं.

प्रणिताने आधी शर्ट उलगडला. निळा, विटका. सकाळभर रंगाचा रोलर फिरवणाऱ्या माणसाचा शर्ट असावा तसाच होता. पांढरे शिंतोडे खांद्यांवर, छातीवर, पाठीवर, सगळीकडे. मग तिने बेल्ट उचलला. खांद्यांवरून येणारे, छातीवर जुळणारे, मांड्यांना वेढणारे नारिंगी पट्टे. घडीच्या खुणा अजून मोडल्या नव्हत्या.

तिने बेल्ट शर्टावर ठेवून पाहिला, मग उचलून बाजूला केला. पुन्हा ठेवला.

"दरोगाजी, इधर देखिए. माणूस बेल्ट घालून रंगकाम करत असेल, तर शिंतोडे कशावर उडतील?" मग भानावर येऊन तिने तेच हिंदीत सांगितलं.

दरोगा वाकला.

शर्टावर जिथे जिथे पट्टे येत होते, तिथेही ठिपके होते. आणि पट्ट्यांवर ठिपक्याचा मागमूस नव्हता. बेल्ट रामदासच्या अंगावर चढला तो रंगकाम थांबल्यावर.

"गिरने के बाद किसी ने पहनाया," ती हळूच म्हणाली.

३

हे तिने सत्यजितला सांगितलं नाही. का नाही, ते तिला तेव्हा स्वतःलाही सांगता आलं नसतं.

शेडवर सत्यजितबरोबर ठेकेदार चंद्रशेखर आधीच येऊन बसला होता. गळ्यात जाड साखळी, पायात पांढरे बूट, आणि तोंडात पान असूनही बोलणं गुळगुळीत. बेल्ट कुठून आला, या प्रश्नावर त्याने सत्यजितकडे पाहिलं.

"बेल्ट तो निगम का है, मैडम. स्टोर में रखा रहता है. हमारा काम रंग का है."

"छपरावर दोरी का नव्हती? हुक अडकवायचा कशाला?"

"जितना बोला गया, उतना किया."

हे तो जरा जास्तच घाईने बोलला. प्रणिता शिडीजवळ गेली. वर दोरी नव्हती, चालायला फळ्या नव्हत्या, खाली जाळी नव्हती. अडकवायला जागाच नसेल तर बेल्टचा हुक म्हणजे नुसता दागिना. शिडीच्या टोकावरून तिने छपरावर नजर टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं एकसारखं पांढरंफेक, डोळे दिपवणारं; नव्या हाताची चमक तेवढी मधोमध येऊन थांबली होती. पत्रा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, कळायला मार्ग नाही.

"रामदास मागच्या भिंतीशी सापडला. पण रंग तर मधोमध थांबलाय," ती खाली उतरत म्हणाली. "मधलं काम अर्धवट टाकून तो कडेला कशाला गेला?"

"पाणी प्यायला उतरत असेल," सत्यजित म्हणाला.

"शिडी पुढच्या बाजूला आहे."

 तिने शेड आतून बघायची म्हटलं तेव्हा सत्यजित म्हणाला, "आत काय आहे, ताई? तो बाहेर पडला." तरी त्याने खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच हात घालून सगळ्या ट्यूब लावल्या. भर दुपारी.

शेड प्रचंड होती आणि स्वच्छ. आंब्यांचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता. रिकामे प्लास्टिकचे क्रेट भिंतींना लावून ठेवले होते. फक्त एक थप्पी मधल्या वाटेतच उभी होती.

"हे इथे का?"

"लेबरचं काम. हलवतो."

"एवढ्या मोठ्या शेडला उजेडाची काही सोय नाही? दिवसा ट्यूब?"

"पहिल्यापासून असंच आहे," सत्यजित म्हणाला आणि बाहीवरून हात खाजवू लागला.

४

मंगळवारी सकाळी प्रणिता रामदासच्या घरी गेली. मलिहाबादच्या पलीकडे, दशहरी आंब्याच्या बागांना लागून असलेल्या वस्तीत त्याचं घर होतं. नीलम, त्याची बायको, दारात चटईवर बसली होती. शेजारणी दोन्ही बाजूंनी तिला धरून होत्या. अंत्यसंस्कार आदल्या दिवशीच झाले होते.

प्रणिताने आपण कोण ते सांगितलं, तशी एक शेजारीण भडकली. "अब आई हैं! जब आदमी ऊपर था तब कहाँ थीं?"

 दोन्ही शेड शेवटच्या कधी पाहिल्या, हे तिलाच आठवत नव्हतं. ती मुकाट चटईच्या कडेला बसली.

नीलम तिच्याकडे पाहत नव्हती. ती आपले तळहात एकमेकांवर घासत होती. मध्येच थांबायची, मनगटं खाजवायची, पुन्हा घासायची.

"हाथ में क्या हुआ?"

"पता नहीं." आवाज घोगरा झाला होता. "कल उनको नहलाया, तब से. हमने कहा था कोई और हाथ नहीं लगाएगा, हम ही नहलाएँगे. उनकी बाँहों में, गर्दन में कुछ चुभता था. दिखता कुछ नहीं, सुई जैसा चुभता है. साबुन से भी नहीं जाता."

प्रणिताने तिचा हात हातात घेऊन उन्हाकडे वळवला. कातडीवर, लाल पुरळाच्या मधोमध, केसाहूनही बारीक असं काहीतरी चमकलं. तिने बोट फिरवलं आणि तिच्याही बोटाला टोचलं.

काचेचे तंतू. फायबरचा पत्रा फुटला की हेच अंगात घुसतं. आणि फायबरचा पत्रा शेडच्या भिंतीत नसतो, गवतातही नसतो. तो असतो छपरात, लोखंडी पत्र्यांच्या मधे मधे, आत उजेड यावा म्हणून. माणसाचं वजन त्याला पेलत नाही. म्हणून तो ओळखू आला पाहिजे आणि कुणी त्यावर पाय ठेवता कामा नये.

पण छप्पर तर सगळं एकसारखं पांढरं होतं.

 उजेडाची सोय पहिल्यापासून होती. कुणीतरी ती रंगवून टाकली होती.

आणि मग तिला तिच्याच जेवणाच्या टेबलापाशी खाजवणारा दुसरा हात आठवला. तो विचार पुरा व्हायच्या आत फोन वाजला. निगमाच्या कार्यालयातून दिनकर बोलत होता.

"मॅडम, दुसऱ्या शेडचं रंगकाम आज सुरू केलंय. सीझन तोंडावर आहे ना. माणसं वर चढलीसुद्धा."

५

दुसरी शेड पहिलीच्या शेजारीच होती, तिच्यासारखीच. गाडी थांबायच्या आत प्रणिता उतरली. दार उघडं होतं. चंद्रशेखर सावलीत खुर्ची टाकून बसला होता. तो "मैडम, मैडम" करत मागे धावला.

आत ट्यूब लावलेल्या नव्हत्या. अंधाराला डोळे सरावले तसे वर छपरात फिकट चौकोन दिसू लागले. दुधाळ, ओळीने मांडलेले. रंगातून गाळून येणारा उजेड.

आणि त्यातल्या एका चौकोनाच्या काठावर माणसाची सावली पडली होती. ती हलत होती. एक पाय उचलला गेला.

"बैठ जाओ!" प्रणिता जीव तोडून ओरडली. पत्र्यांवर आवाज घुमला. "जो जहाँ है, वहीं बैठ जाओ! एक कदम नहीं!"

सावली थबकली. मग आखडली, लहान झाली आणि चौकोनाच्या काठाशीच बसली.

चंद्रशेखर वर बघत राहिला. त्याचं पान तोंडातच राहिलं. वर दोन माणसं होती. प्रणिताने बाहेर येऊन त्यांना जागचं हलू दिलं नाही. रंगाच्या परातीखालच्या, भिंतीशी पडलेल्या, मिळतील त्या लांब फळ्या शिडीवरून वर सरकवायला लावल्या. मग आले होते त्याच वाटेने, फळ्यांवर बसून सरकत, दोघंही शिडीपर्यंत आले. त्यातला थोरला खाली उतरल्यावर पायरीवरच बसला आणि ओकला.

"हमें नहीं मालूम था, मैडम," चंद्रशेखर म्हणाला. गुळगुळीतपणा पार गेला होता. "कसम से. ऊपर सब एक जैसा दिखता है. पिछले साल किसी और ने रंग पोता था."

"आणि पहिल्या शेडची फुटलेली शीट? वर कुठेच भोक नाही."

तो पान थुंकायला वळला.

"मोहन अंदर है, चंद्रशेखर. अभी एक और आदमी तुम्हारे सामने जाते-जाते बचा है. पहली शेड में शीट किसने बदली?"

त्याने खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं. "हमारे आदमी ने. इतवार की शाम को. साहब का फोन आया, एक शीट टूटी है, लोहे की लगवा दो, ऊपर से रंग मार दो. हमने पूछा नहीं. हमें लगा, पूछेंगे तो रस्सी की बात निकलेगी."

"कौन साहब?"

विचारायची गरज नव्हती. तरी तिला दुसरं कुठलं तरी नाव ऐकायचं होतं.

६

सत्यजित पहिल्या शेडमध्ये तिची वाटच बघत असावा तसा उभा होता. बोलावणं धाडताच आला होता.

"ट्यूब बंद कर," प्रणिता म्हणाली.

"ताई—"

"बंद कर."

अंधार झाला. मग हळूहळू ते दुधाळ चौकोन उमटले. एका ओळीत, सारख्या अंतरावर. फक्त एका ठिकाणी चौकोन नव्हता. तिथे काळोख होता, आणि त्या काळोखाच्या बरोबर खाली, मधल्या वाटेत, क्रेटची थप्पी.

"रामदास कडेवरून पडलाच नाही," ती म्हणाली. "तो काम करत होता तिथूनच पडला. पांढऱ्या पत्र्यावर पाय ठेवला, तो फायबरचा निघाला आणि तो इथे, या फरशीवर आला. शेडला कुलूप होतं. त्याला इथून बाहेर न्यायला चावी हवी. चंद्रशेखरकडे चावी नाही. मोहनकडेही नाही. बेल्ट आतल्या स्टोअरमधला, कोरा, घडी न मोडलेला."

"चावी चौकीदाराकडे—"

"रविवारी घरी होतो म्हणालास. स्नेहल सकाळीच मला म्हणाली होती, हे पहाटे कामाला गेलेत. मी ऐकलं आणि सोडून दिलं. बाह्या वर कर, सत्यजित."

त्याने बाह्या वर केल्या नाहीत. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"मागच्या उन्हाळ्यात इथे आंबे निवडणाऱ्या बायका चक्कर येऊन पडत होत्या," तो म्हणाला. "ऊन याच चौकोनांतून सरळ अंगावर यायचं. म्हटलं, सगळंच रंगवून टाका. त्या बायकांनी हात जोडले मला, ताई. मी काही वाईट करत नव्हतो."

"नव्हतास. या वर्षी ठेकेदाराला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर फळ्या, जाळी, दोऱ्या, सगळं मागवावं लागलं असतं. सीझन तोंडावर आला होता. वाटलं, पटकन उरकेल." तो थांबला. "मी शेडबाहेरच्या ऑफिसात होतो. आवाज आला. कुलूप काढून बघतो तर... म्हटलं, आता सगळं माझ्यावर येणार. क्रेटच्या ट्रॉलीवर घातलं त्याला. बेल्ट चढवला. तुटलेले तुकडे हातांनीच गोळा केले. वाटलं, अपघात म्हणतील, हुक लावला नाही म्हणतील. मोहनला धरतील हे डोक्यातही आलं नव्हतं."

"धरल्यावर तरी बोलायचं होतंस."

"हो."

"त्याची नाडी पाहिली होतीस?"

"काय?"

"ट्रॉलीवर घालायच्या आधी. नाडी पाहिलीस?"

"तो गेलेला होता, ताई. हलत नव्हता, डोळे—"

"मोहन बाजारातून परत आला तेव्हा रामदास श्वास घेत होता."

सत्यजितने तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत असावी अशी त्याला अजून आशा होती, हे तिला अंधारातही दिसलं.  भिंतीला घासत तो खाली बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"चौकीत तू जातोस की मी फोन करू?" प्रणिताने विचारलं.

७

तो स्वतःच गेला. मोहन त्याच संध्याकाळी सुटला आणि चौकीतून थेट नीलमच्या घरी जाऊन दाराबाहेर बसून राहिला. दोन्ही शेडवरचं काम थांबलं. फायबरच्या प्रत्येक पत्र्याखाली जाळी आणि वर चालायला फळ्या येईपर्यंत कुणी शिडी लावायची नाही, असा हुकूम प्रणिताने काढला. आतल्या बायकांसाठी मोठे पंखे मागवले. वरिष्ठांनी सीझनची आठवण करून दिली. तिने ऐकून घेतलं आणि हुकूम तसाच ठेवला.

नीलमला तिने सगळं खरं सांगितलं. नीलमने एकच विचारलं, त्याच वेळी दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते का. प्रणिता म्हणाली, "मालूम नहीं. मौक़ा मिलता." नीलमने मान हलवली आणि आत निघून गेली.

घरी परतली तेव्हा ऊन कलत होतं. पायऱ्यांवर स्नेहल बसली होती. कौमुदीने आत बोलावलं तरी आली नसावी. पाण्याचा ग्लास तिच्याजवळ तसाच भरलेला होता.

प्रणिता तिच्या शेजारी बसली. काय बोलायचं ते तिने वाटभर ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. स्नेहल भांडेल, निदान रडेल, असं तिला वाटत होतं.

"तुम्ही आमच्या घरच्या होतात, ताई," स्नेहल म्हणाली.

"आहे."

"मग आधी मला तरी सांगायचं. मी त्यांना घेऊन गेले असते चौकीत. माझ्या हाताला धरून गेले असते ते."

 समोरच्या भाजीवाल्याने गाडा पुढे ढकलला. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिटी होऊन गेली.

"रामदासच्या बायकोला मुलं आहेत?" स्नेहलने विचारलं.

"एक मुलगी."

स्नेहलने पदर आवळून घेतला. "मला तिच्याकडे जायचंय. माफी मागायला नाही. माझ्या तोंडून माफी कसली मागायची? पण मी न जाता या घरात, या गावात, कशी राहू?"

"ती दार उघडणार नाही कदाचित."

"नको उघडू दे. तुम्ही मला घर दाखवा फक्त."

प्रणिताने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"आधी तिला विचारते," ती म्हणाली. "ती ये म्हणाली तरच. नाही म्हणाली, तर तुझ्या मनाला कितीही वाटलं तरी जायचं नाही."

स्नेहलने ग्लास हातात घेतला. मग हो म्हणाली.